फाडणाऱ्यावर पहारा

खानदेशात आजवर जेवढी माणसे मेली, त्यांतली निम्मी तरी आमच्या सरांना नावागावासकट पाठ होती, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती आहे हे मलाही कळते. पण जळगावच्या आमच्या कॉलेजात ज्याने ज्याने जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतले डाव्या हाताचे कपाट उघडे पाहिले आहे, तो मला खोटारडा म्हणणार नाही. त्या कपाटात वरच्या दोन फळ्यांवर जंतूंच्या नळ्या असत आणि खालच्या तीन फळ्यांवर पोस्टकार्डे. गावोगावची, निरनिराळ्या हातांनी लिहिलेली, आणि प्रत्येकाचा एक कोपरा फाडलेला. आमच्या भागात मयताची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून टाकतात. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कार्ड हातात पडताच कळावे, म्हणून ती खूण. असे कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचायचे, फाडायचे आणि डोक्यावरून पाणी घ्यायचे. सर मात्र ती कार्डे मागून आणीत. गल्लीत कुठे रडणे ऐकू आले की दुसऱ्या दिवशी सर त्या दारात उभे असत. "कार्ड फाडलं का? नसेल तर मला द्या," असे ते इतक्या अदबीने म्हणत की रडणारी माणसेही क्षणभर थांबून त्यांच्याकडे बघत. मग कोणीतरी ते कार्ड दोन बोटांच्या चिमटीत धरून पुढे करी, आणि सर ते तिथेच उभ्याने पहिल्या 'श्री'पासून शेवटच्या सहीपर्यंत वाचून खिशात घालीत. पोरे त्यांना बघून घरात पळत. आमचा शिपाई तुळशीराम त्या कपाटाला हात लावत नसे. दर शनिवारी तो कपाटाच्या कडीला लिंबू-मिरची बांधी आणि दर सोमवारी सर ते लिंबू सोडून त्याचे सरबत करून पीत. "तुळशीराम, मागच्या खेपेचं लिंबू जरा सुकं होतं रे," ते म्हणत. तुळशीराम मला बाजूला घेऊन सांगे, "साहेब, हा मानूस उतारा पिऊन जगतो. याला आपन काय भ्यावं, यालाच भुतं भीत असतील."

मी पहूरचा. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो तेव्हा पुढे काय करतात हे सांगणारे घरात कोणी नव्हते, आणि वरणगावच्या कारखान्यात कामाला लागायचे जवळजवळ ठरले होते. सरांनी मला बोलावून घेतले, स्वतः प्राचार्यांच्या खोलीत जाऊन माझ्यासाठी भांडले आणि मला प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून ठेवून घेतले. पहिल्या दिवशी घालायला माझ्याकडे धड शर्ट नव्हता, तोही त्यांनी त्यांचा दिला. तो मला दोन्ही खांद्यांवरून उतरत असे. आज मी जो काही आहे तो त्या उतरत्या शर्टातून वर आलेला आहे. त्यामुळे त्यांच्या विक्षिप्तपणाबद्दल लिहिताना माझा हात जरा जपून चालतो. पण त्यांचा विक्षिप्तपणा न लिहावा तर सर म्हणून काही उरतच नाही.

त्यांची सगळ्यांत चमत्कारिक सवय म्हणजे थांबणे. बोलता बोलता ते वाक्याच्या मधोमध थांबत. विसरल्यासारखे नव्हे. डोळे उघडे, ओठ पुढच्या शब्दासाठी तयार, आणि आवाज नाही. पहिली दोन मिनिटे वर्गात खुसखुस होई. मग हळूहळू सगळे गप्प होत, बाहेरच्या निंबावरचा कावळासुद्धा ऐकू येई, आणि मागच्या बाकावरची टवाळ पोरे वहीत डोके घालून बसत. मग सर ज्या शब्दावर थांबले होते त्याच्या पुढच्या शब्दापासून सुरू करीत. एकदा त्यांनी "पेशीच्या आत" एवढे म्हटले, तास संपला, घंटा झाली, मुले पाय न वाजवता निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल ठेवताच त्यांनी "सुद्धा भूक असते" असे म्हणून वाक्य पुरे केले.

कागद फाडलेला त्यांना चालत नसे. एस.टी.ची तिकिटे, औषधांच्या चिठ्ठ्या, नापास मुलांचे पेपर, सगळे जपलेले. तारखेच्या कॅलेंडरची पाने ते फाडत नसत, वर दुमडून टाचणी लावीत, त्यामुळे वर्षाच्या अखेरीस भिंतीवर उशी टांगल्यासारखी दिसे. पाकिटे ते उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून सोडवीत. नवीन कपडा घ्यायला गेले तर दुकानदार ठाणातून कापड टर्रकन फाडतो, तेवढ्यासाठी ते आधीच दुकानाबाहेर जाऊन उभे राहत. बाजारातले मारवाडी शेठजी शेवटी त्यांच्यासाठी कात्री काढून ठेवू लागले. "मास्टरजी, बाहर मत जाओ," ते गादीवरून ओरडत, "आपके वास्ते कैंची है. धीरे से काटूंगा, कपडे को भी मालूम नहीं पडेगा!" सर हसत, पण कात्री चालेपर्यंत त्यांचे कान पांढरे पडलेले मी पाहिले आहेत.

आता त्यांच्या जंतूंबद्दल. आमच्या कॉलेजात यंत्रे नव्हती, पण पुण्या-मुंबईहून वाचनालयाची मासिके टपालाने मागवून सर ती हाताने उतरवून घेत, आणि त्यांतला एक प्रयोग ते वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा करीत. जंतूंना एकाच रश्श्यात दोन साखरा द्यायच्या, एक साधी ग्लुकोज आणि एक दुधातली. जंतू आधी ग्लुकोज खाऊन भराभर वाढतात. ती संपली की थांबतात. काही वेळ अगदी काही घडत नाही. मग एकाएकी दुधातली साखर खायला लागतात. आमच्याकडे हा प्रयोग उन्हाळ्यात करणे म्हणजे वेगळीच कसरत. "बाकीच्या जगात जंतूंना ऊब द्यावी लागते, जळगावात वारा घालावा लागतो," असे म्हणून सर नळीच्या बुडाभोवती ओले गोणपाट गुंडाळून ती माठाला टेकवून ठेवीत. वाढ मोजायलाही यंत्र नव्हते. नळीमागे सर कपाटातले एखादे कार्ड उभे करीत. जंतू वाढले की पाणी गढूळ होई आणि अक्षरे बुडू लागत. 'कैलासवासी' दिसेनासे झाले की मी वेळ टिपायची. 'दुःखद' गेले की पुन्हा. भर दुपारी, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मेलेल्या अनोळखी माणसांची नावे अशी एकेक बुडताना बघत बसायचे, हे काम मी सहा महिने केले. आणि मग ती थांबण्याची वेळ येई. अक्षरे बुडायची थांबत. अर्धवट दिसत, अर्धवट नाही. सर नळीला कान लावीत. मला आधी वाटे ही गंमत आहे. "ऐक," ते कुजबुजत, "आत लिहिणं चाललंय." आणि खोटे कशाला सांगू, मलाही कधी कधी बोरू कागदावर घासल्यासारखे ऐकू येई.

पेशीच्या आत जे लिहिले जाते त्याला सर 'सांगावा' म्हणत. शास्त्रातले नाव सायक्लिक ए.एम.पी. एवढासा रेणू. ग्लुकोज आहे तोवर तो लिहिणारे एन्झाइम हात बांधून बसते. ग्लुकोज संपली की ते लिहू लागते, 'घरात काही नाही, दुसरं बघा', आणि तो सांगावा वाचून पेशी दुधातल्या साखरेचे दार उघडते. पण तेवढ्याने भागत नाही. वाचून झालेला सांगावा फाडणारे एक दुसरे एन्झाइम असते. ते नसेल तर साखरेत बुडालेली पेशीसुद्धा स्वतःला उपाशीच समजत राहील. इथपर्यंत सर सरळ सांगत. मग त्यांचा आवाज खाली येई. "लिहिणाऱ्यावर साखरेचा पहारा आहे, हे कळलं. फाडणाऱ्यावर पहारा कोणाचा? वाचायच्या आधीच त्यानं फाडलं तर?" हाच प्रश्न त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेला पत्राने विचारला होता. उत्तर आले नव्हते. ते दर महिन्याला पुन्हा विचारीत, तेच पत्र, तीच अक्षरे.

सर मेहरूणच्या बाजूला दोन खोल्यांत राहत. लग्न केलेले नव्हते. घरात त्यांची थोरली भावजय, ज्यांना सगळे अक्का म्हणत. पन्नाशीच्या आतल्या, हाडापेराने मजबूत, कपाळ आणि हात मोकळे. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी माझ्या ताटात टाकली, सरांच्या ताटात टाकली, आणि मीठ हवे का विचारावे तशा आवाजात सरांना विचारले, "भाऊ, त्या कार्डमा काय व्हतं?"

सर म्हणाले, "वर श्री व्हती. मंग आबासले नमस्कार व्हता. मंग फाडं."

"बरं," अक्का म्हणाल्या आणि ठेचा वाढला.

मी घास हातात धरून बसलो. हे त्या घरात रोज चाले, हे मला पुढे कळले. सकाळी दिवा लावावा तसे. अक्कांनीच एकदा मला सांगितले. त्यांचा नवरा, म्हणजे सरांचा थोरला भाऊ, लग्नानंतर वर्षाच्या आत सुरतेला मिलमध्ये गेला. धुळ्याकडच्या त्यांच्या गावी, पांझरेकाठी, एक दिवस कोपरा फाटलेले कार्ड आले. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ते बघताच हंबरडा फोडला, कार्ड फाडून नदीत टाकले, अक्कांच्या बांगड्या फुटल्या. घरात वाचता येणारा एकटा धाकटा दीर, बारा वर्षांचा. तो म्हणाला, मी वरचेच वाचले. पण कसा मेला, कोणी जाळला, अस्थी कुठे, काहीच कधी कळले नाही. पुढे पाटासाठी, म्हणजे दुसऱ्या लग्नासाठी, दोनदा चांगल्या घरची माणसे विचारायला आली. "कार्डमा काय व्हतं तेच म्हाईत नही," अक्का मला म्हणाल्या, "मंग मी कशी हो म्हनू? मी रांडकी शे का टाकेल शे, इतलंच माले कोनी सांगा. मंग बठ्ठं सोसाई जाई." विधवा की टाकलेली, एवढे कळले तरी बाकी सगळे त्या सोसणार होत्या. त्या वेळी त्या तूर पाखडत होत्या. सूप थांबले नाही.

त्यानंतरच्या चैत्रात मला एक कार्ड आले. कॉलेजच्या पत्त्यावर, कोपरा फाटलेले. तुळशीरामने ते टेबलावर लांबूनच सरकवले. मी पहिली ओळ वाचली. पहूरचे माझे मामा गेले होते. ज्यांनी माझी फी भरली ते मामा. माझ्या हातांनी पुढचे काम आपोआप केले. मी कार्डाचे चार तुकडे करून बादलीत टाकले आणि डोक्यावर पाणी घ्यायला नळाकडे वळलो.

तेवढ्यात मागे कोणीतरी श्वास ओढल्यासारखा आवाज झाला. सर दारात उभे होते. ते बादलीशी गुडघ्यांवर बसले, चारही तुकडे बाहेर काढले, काचेच्या पट्टीवर मांडले आणि डिंक मागितला. वीज गेलेली होती. पंखा थांबला होता. माठाला टेकवलेल्या नळीत जंतू थांबलेले होते आणि तिच्यामागच्या कार्डावर कोणाचे तरी आडनाव अर्धे बुडून राहिले होते. सर एकेक तुकडा चिमट्याने जुळवीत होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "वाच. शेवटपर्यंत."

शेवटी मामींनी कोणाकडून तरी लिहवून घेतले होते, 'जाताना तुझे नाव घेतले. पोराला काम सोडून धावत येऊ देऊ नका, दहाव्याला आला तरी चालेल, असे म्हणाले. त्यांची सायकल तुला ठेवली आहे.'

मी रडत होतो. सर माझ्याकडे बघत नव्हते. ते काचेकडे बघत बोलू लागले, आणि या खेपेला मध्ये थांबले नाहीत.

"माझं कार्ड मी सबंध वाचलं होतं. पोस्टमननं शाळेच्या वाटेवरच माझ्या हातात दिलं. नवीन नवीन वाचता येत होतं, दोनदा वाचलं. पाठच झालं. 'श्री. तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. मिलमध्ये कायम झालो. इकडे मी दुसरे घर केले आहे. आता गावाकडे येणार नाही. माझी वाट पाहू नये. तांबडा बैल विकू नये. पाऊसपाणी कसे आहे ते कळवावे.' बस. एवढंच. आणि कोपरा शाबूत होता."

"शाबूत?"

"मी फाडला. वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडतात, एवढंच मला माहीत होतं. मरणाच्याच, असं कोणी सांगितलं नव्हतं. ही बातमी वाईट होती. लिहिणाऱ्याचा फाडायचा राहिला असेल म्हणून मी फाडला. सरळ यावा म्हणून आधी नखानं घडी घातली. आणि आबांच्या हातात दिलं. आबांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी कोपऱ्याला बोट लावून पाहिलं. मी 'आबा' म्हणेपर्यंत कार्ड नदीत होतं आणि बांगड्या फुटल्या होत्या."

जिवंत मुलाचे दहावे घातले हे ऐकून आबा जगले नसते, म्हणून सर गप्प राहिले. आबा गेल्यावर वाटले, विधवेला निदान घरात भाकरी मिळते, टाकलेलीला माहेरीसुद्धा दार नसते. विसाव्या वर्षी ते सुरतेला जाऊन आले. मिलमध्ये त्या नावाचा माणूस सोडून गेल्याला कितीतरी वर्षे झाली होती. पुढे पाटाची माणसे आली तेव्हा बोलायला हवे होते. तोंड उघडले होते, म्हणाले, ओठ तयार होते. शब्द आला नाही. सगळे कार्ड त्यांनी मला पुन्हा एकदा म्हणून दाखवले, पाढा म्हणावा तसे, बैलापासून पाऊसपाण्यापर्यंत. मग म्हणाले, "रविवारी जेवायला ये. मला कोणीतरी बाजूला बसलेलं हवं आहे."

रविवारी मी गेलो. ऊन इतके की दारातल्या फरशीवरून वाफ दिसत होती. अक्का चुलीपुढे होत्या. त्यांनी विचारले, "भाऊ, त्या कार्डमा काय व्हतं?"

सर म्हणाले, "अक्का, कार्ड मी बठ्ठं वाचेल व्हतं. कोपरा मी फाडा."

आणि त्यांनी ते म्हटले. श्रीपासून. अक्कांचा हात तव्यावरच्या भाकरीवर होता तो तसाच राहिला. भाकरीचा जळका वास खोलीभर झाला. मी उठून तवा उतरवावा की नाही हे मला कळेना. पाऊसपाण्यापर्यंत येऊन सर थांबले. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. मी वेळ टिपण्यात पटाईत झालेला माणूस, पण तेव्हा टिपली नाही.

"म्हंजे जित्ता व्हता," अक्का म्हणाल्या.

"व्हता."

"दोन दाव मानसे उनात. दोन्ही दाव मी नही म्हनं."

अक्कांनी जळलेली भाकरी काढून बाजूला ठेवली. नवीन गोळा हातात घेतला, थापला नाही. त्यांच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते. तो लहान मुलीसारखा झाला होता.

"बैलनी याद उनी त्याले," त्या म्हणाल्या. "मनी याद नही उनी?"

सर थांबले. डोळे उघडे, ओठ तयार. मला वाटले आता हे उद्यापर्यंत चालणार. मी मनात देवाचा धावा केला. मला कार्ड तीनदा ऐकून पाठ झाले होते, आणि पुढे काय उत्तर आहे ते मला माहीत होते.

"उनी ना," सर म्हणाले. "मी सांगाले चुकनू. 'वाट पाहू नये'च्या पुढे व्हतं." आणि मग कार्डाच्या मराठीत, शाळकरी पोराच्या सुरात, त्यांनी म्हटले, "'तिचा काही दोष नाही. तिला कोणी बोल लावू नये.'"

अक्कांनी पदर तोंडावर घेतला. मग पदर खाली आला, गोळा थापला गेला, आणि त्या मला म्हणाल्या, "तू कसाले हात धरी बसना रे पोरा? भाकर थंडी व्हई राह्यनी. खा."

जेवण झाल्यावर सर मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. मी त्यांच्याकडे बघितले असावे. ज्याने आयुष्यात कोणाच्या कागदावरची वेलांटीसुद्धा बदलली नाही, तो माणूस रस्त्याकडे बघत म्हणाला, "ती ओळ आत्ताच आठवली मला."

"हो सर," मी म्हणालो.

त्या दिवसानंतर अक्कांनी कार्डाबद्दल कधी विचारले नाही. पहिले काही दिवस जेवताना तेवढ्या जागी एक शांतता येई, मग तीही भरून निघाली. फाडणाऱ्यावर पहारा कोणाचा, याबद्दल पुढे मासिकांत बरेच छापून आले. मी ते सरांना वाचून दाखवी, आणि ते "अच्छा, अच्छा" म्हणत ऐकत. आता दोघेही नाहीत. ते कार्ड पाठ असलेला माणूस जगात मी एकटाच उरलो आहे. कधी दुपारी घरात कोणी नसले की मी ते मनाशी म्हणून बघतो. खरे कार्ड केवढे होते हे मला पक्के माहीत आहे. पण 'वाट पाहू नये'पाशी आलो की जीभ थांबत नाही, ती ओळ आपोआप येते, आणि ती सोडून पुढे बैलापर्यंत जाणे मला अजून जमलेले नाही.